बालपण परदेशात, ओढ सरकारी सेवेची : तुमच्या पाहण्यात असं कुणी आहे का?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही मस्कतला असतो. लेक इथेच जन्मली, इथल्याच भारतीय शाळेत शिकली, यंदा बारावी झाली. विज्ञानात चांगले गुण, त्यामुळे इंजिनिअरिंगच करणार असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी पुण्याला राज्यशास्त्र घेऊन बीए करणार, मग यूपीएससी देणार." तिच्या बाबांनी विचारलं, रागाने नाही, खरंच कळेना म्हणून : जिथे तू सुट्टीपलीकडे कधी राहिली नाहीस, तिथल्या कारभारात पडावंसं तुला का वाटतं? त्यावर ती गप्प बसली.

माझा एक अंदाज आहे. २०२० च्या मे महिन्यात, करोनात परदेशी अडकलेल्या भारतीयांना परत नेणारी 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, तेव्हा आमच्या ओळखीतले काही जण मायदेशी जाऊ पाहणाऱ्या कामगारांच्या याद्या करायला मदत करत होते. काम सुटलेले गवंडी, सुतार, रंगारी. फॉर्म इंग्रजीत. मी फोनवर विचारायचे आणि लेक टाइप करायची : नाव, पासपोर्ट क्रमांक, काही आजार, जवळचा विमानतळ. एकाने बिहारमधलं गोपाळगंज सांगितलं. तिथे विमान उतरत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तुम्हीच बघा मॅडम, कुठे उतरवायचं ते." लेकीने नकाशा उघडून गोपाळगंज शोधलं, पाटणा किती लांब ते पाहिलं आणि रकाना भरला. तेव्हापासून ती बदलली असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? परदेशातल्या बालपणाने अशी ओढ लागते का, की दुरून सगळं छान दिसतं म्हणून? आणि लागली तर पुढे टिकते का?

भाऊ_निफाडकर
छान विषय. वाचतोय.

मालवणी_खाजा
आमच्या मालवण तालुक्यातलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असेलच, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिओ वराडकर! वडील वराड गावचे डॉक्टर, आई आयरिश नर्स. लहानपणीच आईच्या मैत्रिणींना सांगून टाकलं होतं म्हणे, की मी आरोग्यमंत्री होणार. २०१४ ला आयर्लंडचा आरोग्यमंत्री झाला आणि २०१७ ला पंतप्रधान! पुढे वराडला आला तेव्हा अख्खा गाव लोटला होता.

घाटवाट
मालवणी_खाजा, अभिमान मलाही आहे, पण उदाहरण इथे बसत नाही. त्याचा जन्म डब्लिनचा, शिक्षण डब्लिनचं. आयर्लंड त्याचं घरच. परदेशात बालपण गेलं म्हणायचं तर ज्या देशाची सेवा केली त्याच्या बाहेर वाढायला हवं. त्या हिशेबाने पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनिओ कॉश्तासुद्धा बाद. वडील मडगावात वाढले, घरात त्यांना 'बाबुश' म्हणायचे, पण जन्म आणि बालपण लिस्बनचं.

नेमकं बसणारं उदाहरण ओबामांचं आहे. १९६७ मध्ये, सहा वर्षांचे असताना, आईबरोबर होनोलुलूहून जकार्ताला सावत्र वडिलांकडे गेले आणि १९७१ पर्यंत राहिले. तो काळ लक्षात घ्या. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात लाखो माणसं मारली गेली होती, सुहार्तोंची राजवट नुकतीच सुरू झाली होती आणि त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. हे कुटुंब गोऱ्या लोकांच्या वसाहतीत नव्हे, मेंतेंग दालममध्ये, साध्या वस्तीत राहायचं. मुलगा आधी फ्रान्सिस्कस असिसी या कॅथलिक शाळेत आणि मग सरकारी प्राथमिक शाळेत गेला, इंडोनेशियन भाषेत शिकला, गल्लीतल्या पोरांबरोबर खेळला. दारावर भिकारी यायचे, कुष्ठरोगी यायचे. आई प्रत्येकाला काहीतरी द्यायची. सावत्र वडील सांगायचे की असे किती जणांना पुरणार, आधी स्वतः बळकट हो.

मला वाटतं, त्या मुलाने दोन्ही ऐकलं. एकट्याने नाणं देऊन काही होत नाही, आणि म्हणून पाठही फिरवता येत नाही. १९८५ ला शिकागोच्या दक्षिण भागात, पोलादाचे कारखाने बंद पडलेल्या वस्त्यांत, तो तुटपुंज्या पगारावर लोकांना एकत्र आणायचं काम करायला गेला. आल्टगेल्ड गार्डन्स या सरकारी घरांमधलं अ‍ॅस्बेस्टॉस काढून घेण्यासाठी रहिवाशांना अधिकाऱ्यांसमोर उभं करणं, असलं काम. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन न्यूयॉर्कात बसलेल्या पोराला तिकडे जायची काही गरज नव्हती. जकार्ताचा धागा तिथे दिसतो मला.

खडीसाखर
घाटवाट, लिहिलंय सुंदर, पण पटलं नाही. किम जोंग उनसुद्धा स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ शाळेत होता. तिथली लोकशाही बघून त्याला काय ओढ लागली ते जग बघतंय. म्यानमारच्या आँग सान सू ची यांची आई १९६० मध्ये राजदूत म्हणून दिल्लीत आली. मुलगी दिल्लीत शाळेत शिकली, १९६४ ला लेडी श्रीराममधून पदवी घेतली. पुढे लोकशाहीसाठी वर्षानुवर्षं नजरकैद सोसली, हे मोठंच. पण रोहिंग्यांच्या वेळी काय केलं? २०१९ ला हेगच्या न्यायालयात लष्कराची बाजू मांडायला स्वतः उभ्या राहिल्या. परदेशात वाढल्याने माणूस आपोआप उदार होत नाही.

आणि ओबामांचंच घ्यायचं तर श्रेय जकार्ताला कशाला? आईला द्या ना! अ‍ॅन डनहॅम पहाटे चारला मुलाला उठवून अमेरिकेतल्या अभ्यासक्रमाचं इंग्रजी शिकवायच्या आणि मग स्वतः नोकरीला जायच्या. सिव्हिल राइट्स चळवळीबद्दल सांगायच्या, मार्टिन ल्यूथर किंगची भाषणं ऐकवायच्या. त्यांचा स्वतःचा प्रबंध जावामधल्या लोहारांवर, हजारावर पानांचा, १९९२ ला पूर्ण केला. त्याच सुमारास छोट्या कर्जांच्या योजनांवर बँक राक्यात इंडोनेशियाबरोबर काम केलं. ही बाई नागपूरला राहिली असती तरी तिच्या मुलाने हेच केलं असतं.

मालवणी_खाजा
नागपूरला राहिली असती तर पहाटे चारला नाही, दुपारी चारला झोपायला लावलं असतं. मे महिन्यात तरी नक्कीच.

विदर्भवीर_७
इथे पण नागपूर! आम्ही दुपारी झोपत नाही, सावजी पचवतो. :)

घाटवाट
खडीसाखर, किमचा मुद्दा मान्य. आईचा मुद्दा अर्धा मान्य. अमेरिकेतही तीच आई होती, पण होनोलुलूत तिला दाखवायला दारावर ते जग नव्हतं. जकार्ताने दृश्य दिलं, आईने त्याबद्दल बोलायची सवय दिली. एकच असून भागलं नसतं. जकार्तातच उंच भिंतींच्या बंगल्यांत वाढलेली कितीतरी परदेशी मुलं होती. ती त्याच शहरात होती, पण त्यांना ते शहर भेटलंच नाही.

रेवा_सिएटल
घाटवाटचा भिंतीचा मुद्दा फार पटला. योगायोग म्हणजे आमच्या सिएटलच्या खासदार प्रमिला जयपाल यांचं बालपणही इंडोनेशियातच गेलं. जन्म चेन्नईचा १९६५ चा, लहानपण इंडोनेशिया आणि सिंगापूरमध्ये, सोळाव्या वर्षी एकट्याच अमेरिकेत कॉलेजला आल्या. ११ सप्टेंबर २००१ नंतर इथे शीख, मुसलमान, सोमाली लोकांवर हल्ले होऊ लागले तेव्हा त्यांनी संघटना उभारली आणि २०१६ ला अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, निवडून आल्या. तिन्ही देशांत त्या 'बाहेरच्या' होत्या. बाहेरचं असणं म्हणजे काय हे ज्याला दहाव्या वर्षी कळलंय त्याला विमानतळावर बाजूला काढलेल्या माणसाचा चेहरा वाचता येतो, असं मला वाटतं.

सोनचाफा, एक विचारू का? सेवा म्हणजे यूपीएससीच का? आमच्या मंडळातल्या मराठी शाळेत शिकलेली एक मुलगी आता इथल्या शाळा मंडळावर निवडून आलीय. शाळेच्या बजेटपासून बसच्या थांब्यापर्यंत सगळ्यात लक्ष घालते. जिथे राहतो तिथेही करता येतंच की.

सोनचाफा
रेवा, तुमच्याकडे येतं. इथे नाही येत. खाडीच्या देशांमध्ये कितीही वर्षं राहिलं तरी आपण व्हिसावर असतो. इथे जन्मलेली मुलंही. आमच्या इमारतीसमोरचा रस्ता चकाचक, दिवे वेळेवर, तक्रारीला जागा नाही. पण तो कुणी ठरवला, का ठरवला, त्यात आमचं काही म्हणणं आहे का, हा प्रश्न आमच्या मुलांना पडूच शकत नाही. देश फार चांगला आहे, आम्हाला खूप दिलंय त्याने. फक्त तो आमचा होणार नाही, हे मुलं न सांगता शिकतात.

रेवा_सिएटल
ओह. हा फरक माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. म्हणजे तिथल्या मुलाला समाजासाठी काही करावंसं वाटलं तर त्याला मायदेशाकडेच बघावं लागतं.

सोनचाफा
हो. अगदी तेच.

उपनगरी
या धाग्यावर एक नाव यायलाच हवं होतं आणि ते अजून आलं नाही : अरविंद घोष. सेवेची ओढ कशी लागते, याहून ती कशी वळते हे त्यांच्या आयुष्यात दिसतं, आणि ती वळण घेते तिथे मराठी माणसं उभी आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडील कृष्णधन घोष बंगालमध्ये सिव्हिल सर्जन होते. मुलांना देशी वारासुद्धा लागू नये अशी त्यांची इच्छा. १८७९ मध्ये, सात वर्षांच्या अरविंदला दोन भावांसह मँचेस्टरला एका पाद्र्याच्या घरी ठेवलं आणि सांगितलं की यांचा भारतीयांशी संबंध येऊ देऊ नका. ध्येय एकच, आयसीएस, म्हणजे इंग्रजी अमलातली वरिष्ठ सनदी सेवा. मुलगा मँचेस्टर, मग लंडनचं सेंट पॉल्स, मग केंब्रिजचं किंग्ज कॉलेज असा वाढला. बंगालीसुद्धा धड येत नव्हती. १८९० ला आयसीएसच्या परीक्षेत अकरावा आला.

गंमत अशी की ज्या वडिलांनी देशाचा वारा बंद केला, त्यांनीच पुढे कलकत्त्याचं 'बेंगाली' हे वर्तमानपत्र मुलांना पाठवायला सुरुवात केली, इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदी माणसांना दिलेल्या वागणुकीच्या बातम्यांवर खुणा करून. थंडीत, अर्धपोटी राहणारा विद्यार्थी त्या खुणा वाचत होता. केंब्रिजला 'मजलिस' या हिंदी विद्यार्थ्यांच्या मंडळात भाषणं करू लागला. आणि शेवटी आयसीएसची एकच गोष्ट उरली होती, घोडेस्वारीची चाचणी. तिला तो गेलाच नाही. नाव यादीतून गेलं.

आता पुढचं. सयाजीराव गायकवाड तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला दोनशे रुपये महिन्यावर बडोदा संस्थानात घेतलं. १८९३ च्या फेब्रुवारीत अपोलो बंदरावर उतरला तो थेट जमीन मोजणी आणि महसुलाच्या खात्यात. म्हणजे ज्या माणसाने इंग्रजांची कलेक्टरी नाकारली, तो बडोद्याच्या दफ्तरात बसून सारा-मोजणी शिकला. तिथेच बंगाली शिकला, मराठी आणि गुजरातीही शिकला. केंब्रिजचे मित्र के. जी. देशपांडे मुंबईच्या 'इंदुप्रकाश'चं इंग्रजी काम पाहायचे. त्यांच्या आग्रहावरून १८९३-९४ ला अरविंदांनी काँग्रेसच्या अर्जविनंत्यांवर अशी जळजळीत लेखमाला लिहिली की न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं. तेरा वर्षं बडोद्यात काढून १९०६ ला ते बंगालच्या आंदोलनात गेले.

सोनचाफा, तुमच्या यजमानांचा प्रश्न मला इथे आठवला. सुट्टीपलीकडे जिथे राहिली नाही तिथलं काम का करायचंय? अरविंद तर चौदा वर्षं सुट्टीलाही आले नव्हते. दुरून प्रेम बसलं हे खरं. पण ते टिकलं, कारण आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी शिकण्यात घालवली : भाषा, दफ्तर, माणसं. तुमच्या लेकीने पुण्यात बीए करायचं म्हटलंय यात मला हेच दिसतं. क्लासला थेट दिल्ली गाठण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

भाऊ_निफाडकर
उपनगरी, जबरदस्त. रानड्यांचं माहीत नव्हतं. नेहरूंचंही असंच ना? हॅरोच्या शाळेत बक्षीस म्हणून गॅरिबाल्डीचं चरित्र मिळालं आणि तिकडच्या थंडीत बसून इटलीच्या जागी हिंदुस्थान दिसायला लागला.

उपनगरी
हो, त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय ते. १९०५ ला हॅरोला गेले, वय पंधरा.

खडीसाखर
पण हे सगळे मोठ्या घरचे. सर्जनचा मुलगा, मोतीलालजींचा मुलगा. साध्या नोकरीवर गेलेल्यांच्या मुलांचं काय? ते अनुभव यायला हवेत.

कुवेतकर
खडीसाखर, मग मी लिहितो. इथे सहसा पावसाच्या आणि धरणांच्या धाग्यांवर असतो, हे पहिल्यांदाच लिहितोय.

वडील कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. आम्ही सालमियाला राहायचो. २ ऑगस्ट १९९० ला सकाळी इराकी रणगाडे रस्त्यावर होते. मी नववीत. त्या सुट्टीत भारतात आलो नव्हतो, कारण बहिणीचं ऑपरेशन व्हायचं होतं. पहिल्या आठवड्यात बँका बंद, मग कुवेती दिनाराची किंमत इराकी दिनाराएवढी करून टाकली आणि वडिलांची सगळी बचत कागद झाली. आई खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, भिजवून त्याचा उपमा करायची. मला तो अजून आवडतो, बायकोला पटत नाही.

आमच्या भागातल्या शाळेत भारतीय लोक जमायचे. तिथे मी पहिल्यांदा 'यादी' हा प्रकार पाहिला. मल्याळी, गोवेकर, पंजाबी, आंध्रातले, आपले रत्नागिरीचे, सगळे एका रांगेत. टेबलाशी बसलेल्या काकांनी एक नियम ठरवला होता : आधी बाळंतिणी आणि आजारी, मग लहान मुलं असलेली कुटुंबं, मग बाकीचे. एका श्रीमंत गृहस्थाने पुढचा नंबर मागितला. काका आवाज न चढवता म्हणाले, "यादीत तुमचं नाव आहे, पान सातवर." बस एवढंच. त्या वाक्याने माझ्यावर जे केलं ते शाळेतल्या नागरिकशास्त्राने केलं नव्हतं. ते काका कुठल्या सरकारी हुद्द्यावर नव्हते, खाजगी नोकरीतले होते. पण त्या क्षणी तेच शासन होते.

बसने बसरा, तिथून बगदाद, मग जॉर्डनची हद्द. हद्दीवर वाळवंटातले तंबू, पाण्याच्या टँकरभोवती झुंबड. तिथे उलटा धडा मिळाला. यादी नसेल तर बलवान आधी पितो. शेवटी अम्मानहून एअर इंडियाचं विमान मिळालं. त्या काही आठवड्यांत ४८८ उड्डाणांनी पावणेदोन लाखांच्या आसपास लोक आणले, हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा इतकंच कळत होतं की सहार विमानतळावर उतरलो तेव्हा आई जमिनीला हात लावून रडली.

पुढे सांगलीला मामांकडे राहिलो. बारावीच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला. कॉलेजच्या तुकडीबरोबर गेलो. तिथेही ट्रक येत होते, कपड्यांचे ढीग पडत होते, आणि कुणाकडे काय पोचलं हे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. मी वही घेऊन बसलो. त्याच वहीने मला एमपीएससीकडे नेलं असं म्हटलं तरी चालेल. महसूल खात्यात आलो. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांतून लोक काढताना बोटीत आधी कोण, याचा निर्णय मला दर तासाला घ्यावा लागत होता. मी शाळेतल्या त्या काकांचा नियम लावला.

म्हणून सोनचाफाताई, तुमचा गोपाळगंजचा प्रसंग वाचून मी थांबलो. तुमच्या लेकीने याद्या केल्यात. रकाना भरायचा म्हणजे एका माणसाला कुठेतरी उतरवायचं, हे तिला बाराव्या-तेराव्या वर्षी कळलंय. दुरून छान दिसतं म्हणून हे होत नाही. हे अगदी जवळून पाहिल्याने होतं.

खडीसाखर
कुवेतकर दादा, नमस्कार घ्या. मला जे हवं होतं ते हेच.

मालवणी_खाजा
अंगावर काटा आला. खुबूसच्या उपम्याची कृती वेगळ्या धाग्यावर येऊ द्या, नम्र विनंती.

विदर्भवीर_७
+१ दोन्हीला.

लाल_फीत
मी निवृत्त उपजिल्हाधिकारी. वरचं सगळं वाचून भरून आलं. तरी थोडं जमिनीवरचं लिहितो, कारण मुलीला त्याचीही गरज आहे.

सर्वांत आधी नागरिकत्व. आयएएस, आयपीएससाठी भारतीय नागरिकत्व लागतंच. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलांचा जन्म भारतीय दूतावासात नोंदवलेला असावा लागतो, साधारण वर्षाच्या आत. तिचा भारतीय पासपोर्ट आहे म्हणजे ते झालेलं असणारच, पण कागद हाताशी काढून ठेवा. अठरा पूर्ण झाली असेल तर मतदार नोंदणी करा. परदेशात राहणाऱ्यांसाठी ६-अ हा अर्ज आहे. मतदान मात्र प्रत्यक्ष येऊनच करावं लागतं.

दुसरं भाषा. मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा एक पेपर असतो, तीनशे गुणांचा. गुण धरले जात नाहीत, पण पंचवीस टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत. खाडीतल्या शाळांत बहुतेक मुलं हिंदी किंवा फ्रेंच घेतात. मराठीत निबंध आणि सारांश लिहायला जमेल का ते आत्ताच बघा. नाहीतर हिंदी निवडा, पण निवडा आणि तयारी करा.

तिसरं, आणि हे जरा कडू आहे. दरवर्षी जागा हजाराच्या आसपास, अर्ज लाखांत. सर्वसाधारण गटाला बत्तीस वर्षांपर्यंत सहा संधी. पुण्यातल्या सदाशिव पेठेत आणि दिल्लीच्या राजेंद्रनगरात या सहा संधींमध्ये तारुण्य गेलेली हुशार मुलं मी पाहिलीत. ओढ खरी असली तरी परीक्षा ओढ मोजत नाही. म्हणून तिला सांगा, सेवा हे ध्येय ठेव, परीक्षा हा एक रस्ता. एमपीएससी आहे, नगरपालिकांचं काम आहे, पाणी आणि आरोग्यात काम करणाऱ्या संस्था आहेत, रेवा म्हणाल्या तसं लोकांमधून निवडून जाणंही आहे.

आणि या सुट्टीत आजोळी एकदा तलाठ्याकडे, एकदा तहसील कचेरीत सकाळभर नुसती बसून येऊ दे. कुणाची ओळख काढून साहेबांच्या केबिनमध्ये नको. बाहेरच्या बाकावर.

सोनचाफा
लाल_फीत काका, खूप खूप आभार. जन्मनोंदणी झालेली आहे, कागद आजच काढला. मी हा सगळा धागा लेकीला वाचायला दिला. तिला स्वतः काही लिहायचंय, तिने नवीन सदस्यत्व घेतलंय. मी मजकूर पाहिलेला नाही.

पुरंदरची_नात
नमस्कार. मी सोनचाफा यांची मुलगी. मराठी लिहायला आजीने शिकवलं, चुका असतील तर सांगा.

आईचा अंदाज अर्धा बरोबर आहे. याद्यांमुळे मला कळलं की अशी कामं असतात आणि ती कुणीतरी करावी लागतात. पण ठरलं ते पुरंदर तालुक्यात, आजीच्या गावी. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पाऊस लांबला होता, टँकर चालू होते. पाण्यासाठी विशेष ग्रामसभा बोलावली होती. आजी मला घेऊन गेली. तिथे एका आजींनी उभं राहून ग्रामसेवकांना विचारलं की वाडीवर टँकर दोन दिवसांआड आणि वेशीजवळ रोज, हे कुणी ठरवलं? कागद दाखवा. ग्रामसेवक चिडले. मग त्यांनी वही काढली. वहीत वाडीची लोकसंख्या जुनी होती. ती तिथेच दुरुस्त केली.

मस्कतला आमच्या घरी पाणी चोवीस तास असतं. पण तिथे अशी वही मागता येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला दोन्ही हवंय. पाणीही हवं, आणि वही मागायचा हक्कही. बाबांना हे बोलून सांगता आलं नाही, कारण ते म्हणाले असते की एका ग्रामसभेवरून आयुष्य ठरवत नाहीत. आता रेवा मावशी, उपनगरी काका आणि कुवेतकर काकांचं वाचून वाटलं की ठरवतात.

माझा एक प्रश्न आहे. मराठीचाच पेपर द्यायचा आहे. मला वाचता नीट येतं, लिहायला वेळ लागतो. कुठून सुरुवात करू?

घाटवाट
पुरंदरची_नात, एकही चूक नाही. शाब्बास.

खडीसाखर
मी वर लिहिलं होतं की परदेशात वाढल्याने माणूस आपोआप उदार होत नाही. त्यावर मी ठाम आहे, आणि या मुलीने ते सिद्धच केलंय. आपोआप काही झालेलं नाही. आजी ग्रामसभेला घेऊन गेली.

सोनचाफा
आत्ताच वाचलं. तिचे बाबा दोनदा वाचून गॅलरीत गेलेत. पुण्याच्या कॉलेजांचे अर्ज कधी सुटतात असं तिथून विचारलंय.

मालवणी_खाजा
बाबांना खुबूसचा उपमा करून घाला, पूर्ण तयार होतील.

लाल_फीत
बाळ, रोज एक पान हाताने लिही. टाइप नको, परीक्षेत हातच चालवायचा आहे. मराठी वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्यायचा आणि एक तृतीयांश शब्दांत त्याचा सारांश करायचा. आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या मराठी प्रश्नपत्रिका आहेत, त्यातले निबंधाचे विषय सोडव. महिन्यातून चार निबंध मला पाठव, मी लाल शाईने तपासतो. आणि पंधरा ऑगस्टला गावात ग्रामसभा असते. तेव्हा पुण्यात असशील, तर जा आणि त्या वहीत वाडीचा आकडा अजून तोच आहे का ते विचारून ये.

कुवेतकर
काका, मीही एक जोडतो. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात कॉलेजची मुलं मदतीला घेतो. कोयना आणि अलमट्टीचे विसर्ग, पुलांवरची पातळी, गावनिहाय बोटी, सगळं नोंदवायचं असतं. नातीला यायचं असेल तर आईबाबांची परवानगी घेऊन इथेच निरोप टाक. रात्रपाळी असते, चहा आमचा.